आधाराची काठी

माझ्या टेबलावर गेले चार महिने सुंभाचा एक तुकडा पडून आहे. वीतभर लांबीचा, पावसापाण्याने काळा पडलेला आणि एका बाजूला आंब्याच्या सालीचे दोन-तीन कपचे घट्ट चिकटलेला. घरातल्यांनी तो दोनदा केरात टाकला आणि मी दोनदा उचलून आणला. म्हाताऱ्या मास्तरच्या टेबलावर असे काहीबाही असायचेच, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी आता त्याचा नाद सोडला आहे. पण तो तुकडा मी शोभेसाठी ठेवलेला नाही. तो माझ्याविरुद्धचा एक पुरावा आहे. आणि पुरावा डोळ्यांसमोर असला की माणसाला स्वतःशी फार वेळ खोटे बोलता येत नाही, एवढ्यासाठीच तो ठेवला आहे.

हकीगत साधी आहे. श्रीवर्धन तालुक्यात आमची वडिलोपार्जित वाडी आहे. पोफळी, थोडे माड, चार-दोन आंबे आणि एक विहीर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपारच्या दोन-तीन तासांत तीन पिढ्यांची वाडी आडवी करून गेले. पोफळी मधोमध मोडल्या. आजोबांनी लावलेली दोन कलमे मुळांसकट उलथली. विहिरीपलीकडे एक रायवळ आंबा होता; तो कोणी लावलेला नव्हता, कोणीतरी चोखून टाकलेल्या कोयीतून आपोआप उगवलेला. निम्म्या फांद्या गमावून तो तेवढा उभा राहिला. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. परंतु त्या उजाड वाडीत ते एकच झाड उभे दिसले, ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे जून २०२२ मध्ये, मृगाचा पाऊस पडल्यावर, मी तेथे हापूसची अकरा कलमे लावली. खड्डे मीटरभर लांब, रुंद आणि खोल, दोन कलमांत दहा मीटरांचे अंतर, सगळे पुस्तकाप्रमाणे. प्रत्येक कलमाला एकेक बांबूची काठी दिली आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चार ठिकाणी सुंभाने करकचून बांधले. कलमे विकणाऱ्याने बजावले होते, "वर्षाने काठ्या काढून टाका." मुंबईला परतताना वाडीवर राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला मी वेगळेच बजावले: "मी सांगेपर्यंत काठ्यांना हात लावू नकोस." त्याने मान हलवली. त्याने माझ्यापुढे आयुष्यभर मान हलवली आहे. पण ते पुढे येईलच.

मे २०२४ मध्ये मी पुन्हा वाडीवर गेलो. कलमे पुरुषभर उंच झाली होती, पाने तजेलदार होती, आणि अकराच्या अकरा सैन्यातल्या शिपायांसारखी सरळ उभी होती. मला फार बरे वाटले. जवळ जाऊन पाहिले तेव्हा दिसले की सुंभ सालीत रुतला आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला खोड गळू आल्यासारखे फुगले आहे. मी कोयता मागवला आणि पहिल्या कलमाची बंधने कापली. बांधलेले जनावर सोडल्यावर उधळते, एवढे मला माहीत होते. हे झाड उधळले नाही. ते हळूहळू वाकू लागले, आणि कोणी नमस्कार करावा तसा त्याचा शेंडा माझ्या पायांपाशी येऊन टेकला.

वाडीवर शिंपण्याचे काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. ते शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, झाड हललंच नाय, तर मूळ कशाला धरील?"

या एका वाक्याने मला चार महिने झोप नीट लागू दिलेली नाही.

मास्तरकी केलेल्या माणसाला खोड असते. मनाला लागलेली गोष्ट तो प्रथम पुस्तकात शोधतो. मीही शोधली. तात्यांनी जे एका वाक्यात सांगितले, ते कळायला शास्त्रज्ञांना बरीच खटपट करावी लागलेली दिसते. थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या इंग्रज बागायतदाराने १८०३ मध्ये आपल्या प्रयोगांची हकीगत प्रसिद्ध केली. त्याने सफरचंदाची काही कोवळी झाडे खुंटांना अशी बांधली की त्यांच्या बुंध्यांना हलताच येऊ नये. काही मोकळी ठेवली. आणि एका झाडाला फक्त उत्तर-दक्षिण हलता येईल अशी व्यवस्था केली. मोकळ्या झाडांचे बुंधे भरले. बांधलेल्यांचे बांधलेल्या भागात फारसे भरले नाहीत. आणि जे झाड एकाच दिशेने हलत होते, त्याचे खोड गोल न राहता लांबट झाले: उत्तर-दक्षिण जाडी आणि पूर्व-पश्चिम जाडी यांचे प्रमाण १३ ला ११ असे भरले. ज्या बाजूने वाऱ्याशी झगडायला मिळाले, त्या बाजूने झाडाने आपले लाकूड वाढवले होते. पुढे ऑस्ट्रेलियात जेकब्स यांनी १९५४ मध्ये पाइनच्या झाडांविषयी असेच निरीक्षण नोंदवले. तारांनी आवळून धरलेली झाडे उंच गेली, पण आवळलेल्या जागेखाली त्यांची खोडे कृश राहिली. तारा सोडल्यानंतर वाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागेना. १९७३ मध्ये जाफे या अमेरिकन शास्त्रज्ञाने तर रोपट्यांचे देठ रोज नुसते बोटांनी चोळून पाहिले. तेवढ्यानेही रोपे बुटकी आणि दणकट झाली.

यातला कार्यकारणभाव मोठा मनोहर आहे. वाऱ्याने खोड वाकते तेव्हा जेथे ताण जास्त पडतो, तेथेच सालीखालचा जिवंत थर अधिक लाकूड घालतो. बुंध्याशी ताण सर्वांत जास्त, म्हणून बुंधा जाड. वर जावे तसतसे खोड निमुळते. मुळांचेही तेच. म्हणजे वारा हा झाडाचा केवळ शत्रू नव्हे. कुठे किती बळ हवे, हे झाडाला सांगणारा तो एक शिक्षकही आहे. काठी झाडाला वाऱ्यापासून वाचवते, तेव्हा ती त्या शिक्षकाला वर्गाबाहेर काढत असते. झाडाला कोणी काही विचारीत नाही. ते बिचारे निश्चिंतपणे उंच वाढत राहते.

मग काठी देऊच नये काय? तसे नाही, आणि येथेच प्रश्न अवघड होतो. नव्याने लावलेल्या झाडाची मुळे अजून मातीत शिरलेली नसतात. वारा आला म्हणजे शेंडा हलतो, त्याबरोबर मुळांचा गड्डाही खड्ड्यात डुलतो, आणि नुकत्याच फुटलेल्या केसासारख्या मुळ्या तुटून जातात. शिवाय कलमाचा सांधा कोवळा असतो. गुरे आहेत, शेळ्या आहेत, वाटेने जाता जाता शेंडा खुडणारी माणसेही आहेत. अशा झाडाला काही काळ आधार हवाच. जाणते माळी याची एक सोपी परीक्षा सांगतात. झाडाचे खोड एका हाताने धरावे आणि दुसऱ्या हाताने शेंडा वाकवून सोडावा. धरणारा हात खालून वर सरकवत जावे. ज्या उंचीवर धरले असता शेंडा आपोआप पुन्हा सरळ होतो, त्याच्या वर वीतभर, एवढ्याच उंचीवर आधार बांधावा. त्याहून वर बांधू नये. बंध रुंद आणि सैल असावा, काठी आणि खोड यांच्यामध्ये त्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ द्यावा, म्हणजे खोड काठीवर घासत नाही आणि शेंड्याला डुलायला मोकळीक राहते. आणि मुळांनी जमीन धरली की, बहुधा वर्षभरातच, काठी काढून टाकावी. जे झाड लावल्यावर स्वतः उभे राहते, त्याला तर काठी देऊच नये.

यात चार गोष्टी आल्या: गरज असेल तरच, शक्य तितक्या खाली, शक्य तितके सैल, आणि मुदतीपुरते. मी चारही चुकलो होतो. कलमांना आधार लागतो की नाही, हे मी पाहिलेच नव्हते. बांधले ते शेंड्यापर्यंत. बांधले ते करकचून. आणि मुदत? मुदत 'मी सांगेपर्यंत' अशी होती. कोणी म्हणेल, हे अज्ञान झाले, पाप नव्हे. मलाही आधी तसेच वाटले. परंतु थोडा विचार केला तेव्हा लक्षात आले, की कलमे विकणाऱ्याने मला मुदत सांगितली होती. ती मी अज्ञानामुळे मोडली नाही. ती मोडण्यात मला एक सुख होते, म्हणून मोडली. ती अकरा सरळ कलमे पाहून मला जे बरे वाटले, ते कलमांसाठी नव्हते. ते माझ्या डोळ्यांसाठी होते.

सरळपणाचे हे वेड फार जुने आहे. निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातील व्यंगे सुधारण्यावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी ग्रीक शब्द जोडून एक नवे नाव बनवले: 'सरळ' आणि 'मूल' या दोन शब्दांचे. आपण आज ज्याला ऑर्थोपेडिक म्हणतो, ते हेच. त्या ग्रंथात एक चित्र आहे. वाकड्या खोडाचे एक झाड, शेजारी सरळसोट खुंट, आणि झाडाला खुंटाशी आवळणारी दोरी. अस्थिवैद्यांच्या जगभरच्या संस्थांनी हे चित्र आपले बोधचिन्ह म्हणून उचलले. मी ते पूर्वी अनेकदा पाहिले होते आणि दर वेळी ते मला मायेचे वाटले होते. आता पाहतो तेव्हा माझी नजर दोरीवर जाते. ते झाड कोवळे रोप नाही. चांगले जाड, निबर झाड आहे. दोरी ओढून ओढून त्याचे वाकडेपण जाईल असे वाटत नाही. आणि चित्रात कोठेही ती दोरी सोडणारा माणूस नाही.

याच्या उलट बाजूने बोलणारा एक थोर पुरुष म्हणजे कान्ट. १७८४ साली त्याने प्रबोधन म्हणजे काय, या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा आशय असा, की माणसे वयाने मोठी होऊनही अज्ञान पोरासारखी राहतात, याला त्यांचा आळस आणि भित्रेपणा जितका कारण, तितकेच त्यांचे स्वयंनियुक्त पालकही कारण असतात. हे पालक आधी त्यांना पांगुळगाड्यात घालतात आणि मग एकट्याने चालण्यात केवढा धोका आहे ते दाखवतात. वस्तुतः धोका तेवढा मोठा नसतो. दोन-चारदा पडले की चालता येते. मौज अशी, की त्याच वर्षी लिहिलेल्या दुसऱ्या एका निबंधात कान्टनेच झाडांचा दाखला देऊन वेगळे सांगितले आहे: रानात एकमेकांशी हवा आणि ऊन यांसाठी स्पर्धा करणारी झाडे सरळ वाढतात, आणि मोकळ्यावर एकटी वाढणारी वाटेल तशा फांद्या फोडून वेडीवाकडी होतात. मला या दोन विधानांत विरोध वाटत नाही. मात्र दुसऱ्या विधानापाशी मी थोडा थबकतो. सरळ झाड म्हणजे चांगले झाड, असे कान्टलाही वाटले. आमच्या विहिरीपलीकडचा रायवळ त्याने पाहिला असता तर? तो पार वाकडा आहे. पण पडलेला नाही.

आता कोणी उत्साही वाचक म्हणेल, ठरले तर! मुलांना मोकळे सोडा, विद्यार्थ्यांना मोकळे सोडा, गरिबाला मदत करू नका, दोन-चारदा पडतील आणि चालू लागतील. असे म्हणणारी माणसे मला नेहमी भेटतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वडिलांची दुकाने किंवा जमिनी असतात. आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी सावध आहे. तिच्यात 'मोकळे सोडणे' वेगळे आणि 'वाऱ्यावर सोडणे' वेगळे. झाडाला वारा हवा. पण म्हणून ते वाऱ्यावर सोडायचे नसते. आपल्या राज्यात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली आणि पुढे २०१९ साठी तेहतीस कोटींचे लक्ष्य ठेवले गेले. लावलेल्या झाडांचे आकडे प्रसिद्ध होतात, फोटो निघतात; पण ज्या रोपाला दुसऱ्या उन्हाळ्यात कोणी घागरभर पाणी घातले नाही, ते स्वातंत्र्यामुळे कणखर होत नाही, ते वाळून जाते. उलट शहरात पाहावे तर लोखंडी जाळीत लावलेली झाडे दिसतात. जाळी बसवण्याचा ठेका असतो, काढण्याचा नसतो. म्हणून झाड वाढते, जाळी खोडात रुतते आणि शेवटी झाडच ती गिळून टाकते. एकीकडे टाकून देणे, दुसरीकडे आवळून मारणे. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, असे मला वाटते. लावून झाल्यावर त्या झाडाकडे पुन्हा कोणी पाहिलेले नसते.

मीही पाहिले नव्हते. आणि आता जे लिहायचे ते कलमांविषयी नाही.

वडील वारले तेव्हा, १९७२ साली, मी बावीस वर्षांचा होतो आणि धाकटा अकरा वर्षांचा. आई आजारी. मी नुकताच मुंबईत शिक्षकाच्या नोकरीला लागलो होतो. मी त्याला माझ्याजवळ आणले. त्या वेळी त्याला काठी हवी होती, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. शाळा, कपडे, दुखणीखुपणी सगळे केले आणि मनापासून केले. तो एस.एस.सी. झाला तेव्हा त्याला इंजिनांच्या कामात शिरायचे होते. बंदरातल्या लाँचींची इंजिने दुरुस्त करणारा एक मिस्त्री त्याला हाताखाली घ्यायला तयार होता. मी म्हटले, "दादा आहे ना विचार करायला? तू कॉमर्सला जा." तो गेला. पुढे मीच शब्द टाकून त्याला एका कचेरीत चिकटवले. ती कचेरी बंद पडली तेव्हा मी भांडवल देऊन दुकान काढून दिले. ते बुडाले, त्याचे कर्ज मी फेडले. दुसरे काढून दिले, तेही बुडाले, तेही फेडले. त्याच्या लग्नाचा विषय मी दोनदा काढला आणि "आधी स्थिरस्थावर होऊ दे," असे म्हणून दोनदा मीच मिटवला. साठीला टेकलेला माझा भाऊ माझ्या घरातल्या एका खोलीत राहत होता आणि बाहेर जाताना अजून मला सांगून जात होता. नातेवाईक म्हणत, दादाने भावासाठी जन्म वेचला. मी मान खाली घालून ते ऐकत असे. आणि मान खाली असली तरी मनात काय होते ते मला माहीत आहे.

वादळानंतर तो आपण होऊन म्हणाला, "दादा, मी जाऊन राहतो वाडीवर." त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले स्वतंत्र वाक्य होते. मी होकार दिला. पण रोज संध्याकाळी सात वाजता फोन करण्याचा नियम घालून दिला. काय शिंपले, कोणाला किती मजुरी दिली, सगळे मी विचारायचे आणि उद्याचे काम मीच सांगायचे. काठी बदलली नव्हती. फक्त दोरी लांब झाली होती.

कलम माझ्या पायांशी वाकले तेव्हा मला हे सारे एका क्षणात दिसले. मी वर पाहिले तर तो समोरच कोयता घेऊन उभा होता. तो काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही.

नंतर मात्र एक प्रश्न मला सतावू लागला. आमच्याकडे पोफळीवर मिरीचे वेल चढवतात. मिरीचा वेल पेरापेरातून मुळ्या फोडतो आणि त्यांनी पोफळ धरून वर जातो. त्याचा आधार वर्षाने काढला तर तो कणखर होणार नाही. तो जमिनीवर लोळेल आणि त्याला घोस लागणार नाहीत. वेल म्हणजे कमकुवत झाड नव्हे. ती वेगळी जात आहे, आणि जन्मभराचा आधार हा तिचा हक्क आहे. माणसांतही असेच आहे. अपंग मूल, अंथरुणाला खिळलेली आई, मनाने खचलेला माणूस यांच्याकडे बघून 'आधार काढून घेतला की उभा राहील' असे म्हणणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. आणि म्हातारपणी आपण सगळेच थोडेफार वेल होतो. म्हणून तर आपल्याकडे मुलाला म्हातारपणाची काठी म्हणतात. मग माझा भाऊ कोण? झाड, की वेल? तो मुळातच आधाराने वाढणारा होता, की मी पन्नास वर्षे बांधून ठेवल्यामुळे तसा झाला?

याचे उत्तर मला देता येत नाही. आणि ज्याने दोरी बांधली, त्याला ते कधीच देता येणार नाही, असे मला वाटते. बांधलेले झाड आणि वेल, दोन्ही दिसायला सारखीच दिसतात. फरक कळायला दोरी एकदा सोडावी लागते. म्हणून आधार तपासून पाहण्याचे कर्तव्य आधार देणाऱ्याचे आहे, घेणाऱ्याचे नव्हे. घेणारा मान हलवतच राहणार.

तिसरीही एक जात आहे, ती म्हणजे वड. तो फांद्यांमधून पारंब्या सोडतो, त्या जमिनीला लागतात, त्यांचे खांब होतात; आपल्या काठ्या तो आपणच तयार करतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्यांच्या वसतिगृहांतली मुले शिक्षण घेत आणि श्रमही करीत. कमवायचे आणि शिकायचे. मदत तर होती. नाहीतर खेड्यातली ती पोरे शाळेत आलीच नसती. परंतु ती अशा बेताने दिलेली, की घेणाऱ्याचे हात हलते राहतील. काठी खालच्या उंचीवर बांधणे म्हणजे काय, ते या माणसाला कळले होते. मी चौतीस वर्षे मुलांना स्वावलंबनावर निबंध लिहायला दिले आणि घरी मात्र भावाचा अर्ज मीच लिहून देत राहिलो.

मे महिन्यात मी सगळ्या कलमांची बंधने कापली. अकरांपैकी सात थोडीशी डुलून उभी राहिली. तीन कलली. त्यांना तात्यांनी गुडघाभर उंचीवर, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने सैल बांधले, आणि मी प्रत्येक काठीवर खिळ्याने महिना कोरला: पुढच्या वर्षीचा जून. पहिले कलम, जे माझ्या पायांशी वाकले होते, त्याचे काय करायचे ते ठरेना. मी भावाला म्हटले, "तुला वाटेल ते कर." आणि दुसरी एक गोष्ट सांगितली, की आता रोज फोन करणार नाही, तुला वाटेल तेव्हा तू कर.

मुंबईला आलो. मृग लागला. पहिले अकरा दिवस फोन आला नाही. संध्याकाळचे सात वाजले की माझा हात आपोआप फोनकडे जाई. आधार सोडल्यावर झाड हलते, हे मी वाचले होते. बांधणारा किती हलतो, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या अकरा दिवसांत मला पहिल्यांदा कळले, की त्या दोरीने एकटा तोच नव्हे, मीही उभा होतो.

बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, ते वाकलेलं कलम मी उपटून टाकलं." मी ओठ घट्ट मिटून घेतले. तो पुढे म्हणाला, "मुळं बघितली. पिशवीत होती तशीच गोल गोल गुंडाळलेली, दोन वर्षांत बाहेरच पडली नव्हती. लावतानाच ती सोडवायला हवी होती. त्या जागी मी रायवळाची कोय लावलीय. तिथंच रुजू दे, सोटमूळ खाली जाऊ दे. मग तिच्यावरच कलम बांधीन."

मी बराच वेळ गप्प राहिलो. दोष एकट्या काठीचा नव्हता तर. माझ्या हातात येण्याआधीच त्या रोपाच्या मुळांना एक वळण लागलेले होते, आणि ते मी पाहिले नव्हते, त्याने पाहिले. भावाच्या आयुष्याचा सारा दोष मी गेले महिनाभर स्वतःच्या शिरावर घेऊन फिरत होतो. त्यातही एक ऐट होती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. त्याचे भले झाले असते तर ते मी केले, वाईट झाले तरी तेही मीच केले; म्हणजे त्याच्या आयुष्यात करणारा त्याचा तो कोणीच नाही! पश्चात्तापाचीसुद्धा काठी होऊ शकते. तो अकरा वर्षांचा असताना बाप गेला, तेव्हा त्याची मुळे कशी गुंडाळली गेली, हे तोच जाणे. आणि आता ती कोठवर पोचतील, हेही तोच जाणे.

"बरं केलंस," एवढेच मी म्हणालो. खरे म्हणजे आणखी एक वाक्य जिभेवर आले होते: कोयीला कुंपण नीट कर. ते मी गिळले. पुढे कळले, की कुंपण त्याने आधीच केले होते.

कोय रुजली आहे. चार तांबूस पाने आली आहेत, असे तो सांगतो. ती जगेल की नाही, हे मला माहीत नाही. भाऊ वाडीवर टिकेल की नाही, हेही माहीत नाही. त्रेसष्टाव्या वर्षी खोड किती भरते, याचे प्रयोग कोणी केलेले माझ्या वाचनात नाहीत. फोन आठवड्यातून एकदा येतो, कधी येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. माझ्या टेबलावरच्या सुंभाचा पीळही अजून तसाच आहे. सात वाजले की मी तो हातात घेतो आणि थोडा थोडा उलगडत बसतो.